एंटर दाबायचं नाही

सोमवार, ३ तारीख

लागली एकदाची नोकरी! पेन्शन कार्यालयात, पंख्याखालची जागा, वर चहा फुकट. भाऊ म्हणायचा, तुला कोण घेतंय. बघ म्हणावं आता.

कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. एका विंडोत निवृत्तांची नावं येतात. मृत्यूचा दाखला आला असेल तर एंटर दाबायचं, की माणूस मयत, पेन्शन बंद. बाबांची पेन्शनही इथूनच निघते.

दुसऱ्या विंडोत ही रोजनिशी. घरी बोलायचं कुणाशी? बाबांना ऐकू येत नाही आणि भाऊ ऐकून घेत नाही.

बुधवार, ५ तारीख

कीबोर्डने डोकं उठवलंय. रोजनिशी समोर असते, पण एंटर मागच्या विंडोतही जाऊन पडतं. साहेब म्हणाले, आधीच्या बाईंनी सेटिंग बदललं होतं, माउसचा बाण ज्या विंडोवर, टाइप केलेलं तिथे जातं. ते मी पूर्ववत केलं, मशीन बंद करून चालू केलं, तरी ढिम्म!

एक निवृत्त पोस्टमास्तर येऊन तावातावाने भांडले, की मी धडधडीत जिवंत आहे. माझ्याच हातून मयत झाले होते. सगळे हसलो. नोंद उलटवता येत नाही, असा नियम आहे म्हणे. मेला तो नियम.

गुरुवार, ६ तारीख

पोस्टमास्तर खरंच गेले. सून दाखला घेऊन आली होती. एक नर्सबाई गेल्या, एक ड्रायव्हर गेला. सगळ्यांची नोंद माझ्या एंटरने आधीच पडली होती, दाखले आज आले. इथे मी नवी ओळ घेतली, की तिथे एक माणूस—

आता नवी ओळ घेणार नाही. यायलाच नको होतं, पण माझ्या जागी दुसरं कुणी बसेल, आणि यादीत आता बाबा आहेत. भावाला फोन केला, बाबांजवळ बस म्हटलं. म्हणाला, तुझं आपलं काहीतरीच, आणि ठेवला. शुक्रवार, ७ तारीख, पुढेच लिहितेय. विंडोत बाबांचं नाव. माउस हलत नाही, विंडो मिटत नाही. हात थांबले की कर्सर आपणहून तिकडे सरकतो, म्हणून लिहितेय, काहीही, बाबा, चष्मा, औषध, बाबा— प्लग काढायला वाकू कशी— साहेब मागे उभे— एवढं काय घाबरायचं म्हणतात, एक बटण तर दाबायचं— नको म्हणतेय, साहेब, पाया पडते— ऐकतच नाहीत— त्यांचं बोट—

बाबा