छोटं कॅबिनेट

९ मार्च

ताई,

नमस्कार. पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. तुझा गुडघा बरा असेल अशी आशा आहे, आणि कानातलं यंत्र तू कपाटात ठेवून दिलं असशील अशी खात्री आहे. म्हणून तर लिहायला बसलो. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

माझं नेहमीचंच चाललंय. दवाखान्यांतून दातांचे साचे येतात, मी कवळ्या करून पाठवतो. परवा एका आजोबांचा निरोप आला, "कवळी छान बसली, पण हसू माझं वाटत नाही." आता हसूही मीच करून द्यायचं का?

खरी बातमी भिंगरीची आहे. तिच्या आईचं दुसरं लग्न झाल्यापासून ती रविवारी माझ्याकडे यायची, ती हजेरी लावायला आल्यासारखी. फोनमध्ये डोकं घालून बसायची, जेवायची, जायची. मी काही विचारलं की "हं" म्हणायची. एका "हं"मध्ये किती अर्थ असतात ते पंधरा वर्षांच्या मुलीच्या बापालाच कळतं.

आणि गेल्या महिन्यात एका रविवारी चप्पल काढता काढताच म्हणाली, "बाबा, आपण गेमिंगचा कॉम्प्युटर करायचा?"

म्हटलं, "घेऊ की. बघून ठेवलायस का?"

"घ्यायचा नाही रे, जोडायचा. एकेक भाग निवडून. तू आणि मी."

तू आणि मी! ताई, मी हातातला साचा खाली ठेवला. नाहीतर पडलाच असता.

तेव्हापासून आमचे रविवार पालटलेत. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मदरबोर्ड म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, "तो जबडा. बाकी सगळे दात त्यात बसतात." असं समजावल्यावर कुणाला कळणार नाही? प्रोसेसर म्हणजे डोकं, ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र रंगवणारा, आणि एक दांडगा नि दुसरा किडकिडीत असून चालत नाही, जोडी जमावी लागते. हे सांगताना ती जराशी थांबली. मीही खिडकीबाहेर बघितलं.

आता एक गंमत सांगतो, ती तुझ्यापाशीच ठेव. मी मुद्दाम वेळ काढतोय. तिने एक प्रोसेसर ठरवला की मी म्हणतो, हा फार तापतो म्हणे. कार्ड ठरवलं की म्हणतो, याचे पंखे आवाज करतात म्हणे. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची आठवणीची पट्टी, तिच्या रंगावरून आम्ही अख्खी दुपार भांडलो. कारण उघड आहे. निवड संपली की जोडणी, आणि जोडणी झाली की माझ्याकडे यायचं कारण संपलं. चिवट बहिणीचा भाऊ शोभतो ना?

तिच्या आईचा फोन आला होता. ते पुढे कधीतरी लिहीन.

तुझा
धाकटा


२१ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. कॉम्प्युटरबद्दल एक अक्षर नाही, आणि "तिच्या आईचा फोन कशाला" हे मात्र तीनदा. तू लहानपणीही गोष्टीतला राजपुत्र सोडून राक्षस कुठे आहे तेच विचारायचीस.

सांगतो. पण क्रमाने सांगू दे.

गेल्या रविवारी आम्ही सगळं ठरवून दुकानात गेलो. फक्त कॅबिनेट राहिलं होतं, म्हणजे ज्या पेटीत हे सगळं बसतं ती. मी एक पसंत करून ठेवलं होतं. उंच, ऐसपैस, एका बाजूला काच. आत हवा खेळती राहते, पुढे काही बदलायचं झालं तर हात जातो. भिंगरी त्याच्यासमोरून सरळ पुढे गेली आणि कोपऱ्यातल्या एका छोट्या पेटीपाशी थांबली. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडीच मोठी, आणि वर धरायला मूठ.

"हे."

"अगं, यात आपलं कार्ड तरी मावेल का?"

"मावतं. मी लांबी बघितलीय. मदरबोर्ड छोटा घ्यावा लागेल, पॉवर सप्लाय पण."

म्हणजे आमची दोन महिन्यांची निवड अर्धी पाण्यात. मी म्हटलं, "महाग पडेल, तापेल, आणि जोडताना बोटं सोलून निघतील. मोठं कॅबिनेट टेबलाखाली सुखाने राहील की."

तिने ती पेटी मुठीने उचलून बघितली. दुकानवाल्या बाई चष्मा पुसत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "प्रवासात न्यायचाय का? हे घेणारे बहुतेक त्यासाठीच घेतात. विमानात सामानाबरोबर नेता येतं."

भिंगरीने माझ्याकडे बघितलं नाही. त्या मुठीवरून नुसतंच बोट फिरवत राहिली.

आता तुझा राक्षस. तिच्या आईच्या नवऱ्याला परदेशात नोकरी लागलीय. सगळे जाणार आहेत. भिंगरी, ते दोघं आणि त्यांचं छोटं बाळ. वेगळे होताना आमचं ठरलं होतं की माझ्या संमतीशिवाय भिंगरीला परदेशी न्यायचं नाही. फोन त्यासाठीच होता. मी फोनवरच साफ नाही म्हणून सांगितलं. एवढंच नाही, कामाची मागची खोली रिकामी करायला घेतली. साचे, भुकटीचे डबे, सगळं पुढच्या खोलीत आणलं. मागच्या खोलीला फिकट पिवळा रंग दिला. मनात म्हटलं, आईला जायचं असेल तर जाऊ दे, मुलगी इथे राहील. हे मी तुलाही कळवलं नव्हतं, कारण तू विचारलं असतंस, "तिला विचारलंस का?"

आम्ही काहीच न घेता दुकानातून बाहेर पडलो. जिन्यातच ती म्हणाली, "आईने सांगितलंय मला, तू नाही म्हणालास ते."

"आणि तुझं काय म्हणणं आहे?"

"मला जायचंय, बाबा."

आम्ही जिना उतरून रस्त्याला लागलो. मग तीच बोलली. "बाळ माझ्याशिवाय झोपत नाही. आणि मला तिथली शाळा हवीय. तू राहा म्हणालास तर मी राहीन, खरंच राहीन. पण मग मला रोज तुझा राग येईल. मला तुझा राग करायचा नाहीये."

मी विचारलं, "मग हे कॉम्प्युटरचं कशाला काढलंस?"

"तुझ्याबरोबर काहीतरी करायचं होतं, जायच्या आधी. तू वेळ काढत होतास ना, ते मला कळत होतं. मीही काढतच होते. रॅमच्या रंगाने काय फरक पडतो रे?"

ताई, मी तिला घेऊन चालायला लागलो. बसस्टॉपपर्यंत सोडलं आणि परत आलो. तू काय म्हणतेस ते लिही. लवकर लिही.

तुझा
धाकटा


१३ जुलै

ताई,

तुझं पत्र वेळेवर आलं होतं. उत्तराला उशीर मी केला. कानाचं नवं यंत्र चांगलं चालतंय हे वाचून बरं वाटलं. इथे हवा बरी आहे. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचा पुढचा दात बसवून दिला, फार खूश झाल्या.

बघ, अजून मी इकडचं तिकडचंच लिहितोय.

तू लिहिलं होतंस, "अडव. मुलगी बापाचीही असते. आज रागावेल, उद्या विसरेल." तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तुझं पत्र खिशात घेऊनच मी पुढच्या रविवारी दुकानात गेलो, आणि ते छोटं कॅबिनेट घेतलं.

बाकीचे भागही त्याच्या मापाचे घेतले आणि जोडायला पिवळ्या खोलीतच बसलो. भिंगरी म्हणाली, "प्रोसेसर तू बसव, तुझा हात हलका आहे." आयुष्यभर माणसांच्या तोंडात बसणाऱ्या वस्तू घडवल्या, पण त्या दिवशी तो चौकोनी तुकडा चिमटीत धरून मी दोनदा मागे घेतला. तिने माझं मनगट खालून धरलं. बसला. मग बाकीचं तीच करत गेली. त्या अरुंद पेटीत वायरी ओवताना तिची बोटं खरंच सोलली, पण तिने हूं की चूं केलं नाही. जीभ दातांत धरून काम करते, अगदी तुझ्यासारखी.

सगळं झाल्यावर बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. पुन्हा केलं, पुन्हा काळा. भिंगरीचा चेहरा पडला. "कार्ड खराब निघालं वाटतं. आता दुकानात न्यावं लागेल. पुढच्या रविवारी..."

खरं सांगू? मला आतून बरं वाटलं. पुढचा रविवार! मग कार्ड बदलून मिळेपर्यंत आणखी एक. तेवढ्यात त्यांचं जाणं लांबेल, कुणी सांगावं, रद्दही होईल. बुडत्याला काडी दिसावी तसं मी त्या काळ्या पडद्याकडे बघत होतो. आणि त्याच वेळी मला आतली रॅमची पट्टी दिसली. एका टोकाची खिट्टी उघडी होती. पट्टी पुरती बसलीच नव्हती. भिंगरी पलीकडच्या बाजूला होती, तिला ते दिसत नव्हतं.

मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं.

वीज बंद केली आणि अंगठ्याने ती पट्टी दाबली. खट्ट झालं.

पुन्हा बटण दाबल्यावर पडदा उजळला तशी ती ओरडली, उठून माझ्या गळ्यात पडली. कितीतरी वर्षांनी. मी तिच्या कानात म्हटलं, "जा तू. मी तुझ्या आईला आजच कळवतो." ती आणखी घट्ट बिलगली, आणि मग रडायला लागली. मी रडलो नाही. म्हणजे तिच्यासमोर नाही.

जायच्या दिवशी कार्ड काढून वेगळं गुंडाळलं, बाळाच्या दुपट्यात. विमानतळावर तिच्या आईने मला "थँक्यू" म्हटलं. आमच्या अख्ख्या संसारात तिने मला तो शब्द कधी म्हटल्याचं आठवत नाही. भिंगरी एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात बाळ घेऊन काचेच्या दारातून आत गेली. वळून हात करायला तिच्याकडे हातच मोकळा नव्हता.

पोचल्यावर तिचा फोन आला. सगळं नीट चालू झालं म्हणाली, एक स्क्रूसुद्धा सैल नाही. पुढच्या रविवारीही आला, थोडका. गेल्या रविवारी आला नाही. मी वाट बघून तिच्या आईला लावला. ती म्हणाली, नव्या मैत्रिणींबरोबर खेळायला बसलीय, कानाला हेडफोन आहेत, हाक ऐकू जात नाही. उद्या करायला सांगू का?

मी म्हटलं, नको, खेळू दे तिला.

यंत्र चांगलं जमलंय, ताई. अजिबात तापत नाही म्हणे.

मागच्या खोलीत साचे अजून परत नेलेले नाहीत. तू आलीस तर तिथे तुझी सोय होईल, जिना फार चढावा लागत नाही. माझ्यावर रागावली असशील तर रागावूनच ये. पण एक गोष्ट फक्त तुला ठाऊक असू दे, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. मला तिला अडवता आलं असतं.

तुझा
भाऊ