मागावरच्या चार रेघा

सोलापूर, १९७९

अवो शकूच्या बाबा,

तुमी गेल्यापास्नं एक ओळ लिवली न्हाय, मग आजच कशी आठवन आली, व्हय? अकरा वाजता तिकडं मुंबईला शकूची परीक्षा हाय. समोरच्या चहाच्या दुकानात तिचा फोन यायचाय. तवर दुसरं काय सुचंना, म्हनून लिवते.

पोरगी कॉम्प्युटरला शिकवते! त्याच्याशी बोलायची सी म्हनून भाषा हाय. तुमच्या मागाच्या धोट्यानं दिवसात किती फेऱ्या मारल्या, ती बेरीज करून दाखवायचीय. वर्गात एकटीच मुलगी. चुकली तर नाव कापनार, म्हनलाय शिकवनारा साहेब.

रविवारी आली ती तोंड पाडूनच. तुमच्या शेवटच्या दिवसाचा आकडा घातलेला तिनं. मागावर खडूच्या चार रेघा, आन फेऱ्या मोजायच्या मीटरवर बाराशे. एक रेघ म्हंजे दहा हजार. आन कागदावर काय छापून आलं? वजा चोवीस हजार तीनशे छत्तीस!

मी म्हनलं, "तुझ्या बापानं माग उलटा चालवला का गं? इनायचं सोडून उसवत बसला?"

"आये, हसू नगंस. मला घरी पाठवतील."

मग माझं बी हसू पळालं.

ती खंडेनवमी आठवतीय? पूजेला मी माग लख्ख पुसला, तुमच्या रेघांसकट! "मीटरला आकड्यांची चारच घरं हायती. भरली की परत शून्य. रेघ न्हाय तर कळनार कसं?" म्हनून दोन दिस अबोला धरलासा. बायकोला येवढं छळायचं असतं व्हय?

तेच तिला इचारलं, "तुझ्या यंत्राला घरं किती?"

तिनं कपाळावर हात मारला. तिथं आकड्याला डबे असतात म्हनं, लहान इंट, मोठा लाँग. इंटात बत्तीस हजार सातशे सदुसष्ट मावतात, वर एक पडला की वजा. हिनं सगळीकडं इंटच घेतलेला! घाई तुमचीच उचललीय पोरीनं.

"मग समदं लाँगच घे की."

"यंत्रात जागा लई थोडी, आये. मागाचा नंबर इंटात, फेऱ्या लाँगात."

पन यंत्र मुंबईला. चालतंय का, ते आजच कळनार.

बारा वाजून गेले. चौथी रेघ वढून तुमी खाली बसलासा ते उठलाच न्हाईसा, तवा बी मी डाक्टरची वाट बघत अशीच दाराकडं डोळं लावून व्हते.

थांबा, चहावाला हाका मारतोय!

आले. रडत व्हती वो. मला वाटलं, गेलं समदं. मग म्हनली, "आये, एक्केचाळीस हजार दोनशे. बाबांची एक बी फेरी सुटली न्हाय."

उद्या खंडेनवमी. माग पुसीन, झेंडू वाहीन. पन तुमच्या चार रेघांला फडकं लावनार न्हाय, ह्यो माझा शबूद.

तुमची तोंडाळ,
सखू