नेलिदाच्या वाट्याचं पाणी

प्रिय नेलिदा,

तुझं पार्सल पोचलं. कॉफी चांगली आहे. लोकरीचे मोजे तुझ्या आजीने पाहताक्षणी स्वतःच्या उशाखाली सरकवले, त्यामुळे माझ्यासाठी दुसरे पाठवायच्या भानगडीत पडू नकोस, तेही उशाखालीच जातील. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि मला जे सांगायचंय ते सलग सांगायचंय. अलीकडे तू दर फोनला पीचच्या झाडांचं विचारतेस आणि मी कोंबड्यांकडे वळते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मुलांना नीतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला आई कधी विषय बदलते हे कळायला पुस्तक लागत नाही.

आजीचा पाय सुधारतोय. प्लास्टर अजून आहे, तोंडाला मात्र काही झालेलं नाही. डुक्कर वाफ्यात शिरलं म्हणून या वयात त्याच्यामागे धावली आणि अंगणात आपटली. डुक्कर मजेत आहे.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या सणानंतर, पाणीपंचाची काठी आपल्या घरी आली हे तुला माहीतच आहे. घरटी पाळी असते, तुझे पपा नाहीत, म्हणून माझ्या हाती आली. आपल्या शेजारच्या रानातला प्रिमितिवो म्हणाला, आता गावाचं पाणी पळीने वाटलं जाणार. मी म्हटलं, पळीने वाटलेलं निदान सगळ्यांच्या ताटात पडतं. तू शहरात गेल्यापासून नियम विसरली असशील म्हणून सांगते. वरच्या तळ्याचं पाणी सुटलं की ते शेतामागून शेत जातं. पाळीच्या वेळी दाऱ्यावर, पाटातून शेतात पाणी घ्यायच्या तोंडाशी, आपला माणूस उभा पाहिजे. नसला, तर तो झोपला असो की मेला असो, पाणी पुढच्याकडे जातं आणि पुढच्या महिन्यापर्यंत वाट बघायची. पंचाने दुसऱ्या कुणासाठी दारं धरायचं नाही आणि पाणी सुटलेलं असताना पाट सोडून जायचं नाही. गेल्या वर्षी मारामाऱ्या झाल्या त्या याच दोन गोष्टींवरून, म्हणून मी काठी घेताना सांगितलं होतं की माझ्या वर्षात नियम म्हणजे नियम.

कार्निव्हलला आली होतीस तेव्हा जेवताना तू आम्हाला एक कोडं घातलं होतंस, आठवतं? होडी बुडायला आलीय, एकाला पाण्यात ढकललं तर बाकीचे वाचतात, कुणाला ढकलाल? तुझा धर्मपिता निकानोर म्हणाला, आधी मला पोहायला शिकवा, मग विचारा. मी म्हटलं, होडीत इतकी माणसं कोंबली कुणी, त्याला धरा. तू वैतागलीस. म्हणालीस, आई, प्रश्न बदलायचा नसतो, उत्तर द्यायचं असतं. आजी चुलीपाशी मक्याचे दाणे सोलत होती, ती सोलतच राहिली. तिला ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं.

तर आजी पडली ती नेमकी पाणी सुटलेल्या दिवशी. मला पाट सोडता येईना. निकानोरने काही न विचारता ट्रक काढला, नवऱ्याबरोबर झेनोबियाही मागे बसली, आजीचा पाय मांडीवर धरून. दोघं तिला तालुक्याच्या इस्पितळात घेऊन गेली. येताना रस्ता अडवलेला, कुणाचा तरी संप, नेहमीचंच. इकडे निकानोरची पाळी आली आणि त्याच्या दाऱ्यावर कुणी नव्हतं. पुढची पाळी प्रिमितिवोची. त्याने आपलं दारं उघडलं, आणि त्यात त्याचं काहीही चुकलं नाही. मी काठी घेऊन तिथेच उभी होते आणि पाणी निकानोरच्या शेतावरून पुढे जाताना बघत होते.

निकानोरने आदल्याच दिवशी कांद्याची रोपं लावली होती. लागवडीनंतरचं पहिलं पाणी मिळालं नाही तर सप्टेंबरच्या कोरड्या उन्हात रोपं दोन दिवसांत जळतात, हे तुला सांगायला नको. ट्रकमधून उतरून तो तसाच दाऱ्यावर आला, गडी-बायका जमल्या, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याने वाकून कोरडी माती चाचपली. बोलली झेनोबिया. तुझ्या बाप्तिस्म्यापासून ती मला कोमाद्रे म्हणत आलीय, बहिणीच्या जागी मानत आलीय. त्या दिवशी तिने मला माझ्या नावाने हाक मारली. म्हणाली, "सातुर्निना, तो झोपला नव्हता. तुझ्या आईला घेऊन गेला होता."

मी म्हटलं, "पाळी गेली ती गेली."

तू काय म्हणाली असतीस? मला वाटतं तू वर्गात त्यावर आठवडाभर बोलली असतीस. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. मी एवढंच बघितलं की आई सगळ्यांनाच असते. आज माझ्या आईसाठी पाणी मागे वळवलं, तर उद्या प्रत्येक जण आपलं कारण घेऊन येईल आणि प्रत्येकाचं कारण खरंच असेल. अजूनही मला तो निर्णय बरोबरच वाटतो. पण झेनोबियाने माझ्याकडे पाठ फिरवली. ज्या माणसाने माझं काम केलं, त्यालाच मी नियम दाखवत होते.

प्रिमितिवोच्या नंतर पाळी आपली होती. मी काठी जमिनीवर टेकवली आणि सगळ्यांदेखत म्हटलं, माझी पाळी निकानोरला. आपली पाळी दुसऱ्याला द्यायला आपल्याकडे कधीच मनाई नव्हती, फक्त आजवर कुणी दिली नव्हती. प्रिमितिवोने चक्क टोपी काढली. म्हातारे तिबुर्सियो म्हणाले, असा पंच या खोऱ्याने पाहिला नाही. संध्याकाळी झेनोबियाने मका आंबवून केलेल्या चिचाची घागर आणून माझ्या दारात ठेवली आणि पुन्हा कोमाद्रे म्हणाली. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. माझा घेवडा वाळणार हे मला कळत होतं, आणि वाळला. त्याचं मला काही वाटलं नाही, उलट वाळलेल्या घेवड्याजवळून जाताना मान ताठच होत होती. निकानोरचा कांदा आता वीतभर झालाय. दृष्ट लागावी असा आहे.

काही दिवसांनी मी आजीला सगळं मीठमसाला लावून सांगितलं. ती प्लास्टरचा पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती. ऐकून घेतलं, चिचाचा घोट घेतला आणि विचारलं, "पोरीला विचारलंस का?"

मी म्हटलं, कुठल्या पोरीला? तर म्हणाली, "वरच्या रानाचं पाणी कुणाचं आहे? होडीतून जिला ढकललंस, ती होडीत होती तरी का?"

ऐकू गेलं होतं तिला. आणि मला तिथेच तुझी पीच आठवली.

तुझे पपा गेल्यावर सभेने आपल्या पाळीचे दोन वाटे केले. खालचा घेवडा माझा, वरची पीच तुझी, पाणी निम्मं-निम्मं. तू तेव्हा ते रान विकायला निघाली होतीस आणि मी तुझ्या पाया पडायचं तेवढं बाकी होतं. पपांनी तू शिकायला गेलीस त्या वर्षी ती रोपं लावली होती आणि फळ बघायला ते राहिले नाहीत. तू म्हणालीस, ठीक आहे, नाही विकत, पण या गावात माझं म्हणून एवढंच राहील, ते सांभाळ. मी शब्द दिला. आणि दाऱ्यावर सगळ्यांसमोर मी माझी पाळी म्हटलं तेव्हा तुझं नावसुद्धा मनात आलं नाही. कुणीच विचारलं नाही, कारण मुलीचं ते आईचंच असं गावाने धरलं, आणि मीही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं आणि वर चिचाची घागर घेतली.

दुसऱ्या दिवशी वर गेले. ऑगस्टमध्ये झाडं पहिल्यांदाच फुलांनी भरली होती, तुला फोटो पाठवला होता. बारीक फळं धरली होती, बोराएवढी. ती सगळी खाली पडली होती. झाडं जिवंत आहेत, पानं मुडपलीत, पण फांदी खरवडली की आत हिरवी आहे. यंदा पीच नाहीत, नेलिदा. पपांच्या झाडांचं पहिलं फळ मी निकानोरच्या कांद्याला घातलं.

आता पत्राचं कारण. मृतांच्या सणानंतरच्या रविवारी सभा आहे, आणि मला आणखी एक वर्ष काठी द्यायची असं गावाने ठरवलंय, माझ्या दिलदारपणासाठी. आजीने तो प्रश्न विचारायच्या आधीच मी हो म्हणून बसले होते. मी स्वतः उभी राहून खरं सांगू शकते. पण मी या लोकांना ओळखते. ते म्हणतील, बघा किती सच्ची बाई, आणि आणखी एक घागर येईल. माझी पाळी तुझ्या झाडांना मी आपणहून दिली, तरी ते पुन्हा माझंच औदार्य होईल, आणि औदार्याला मी आता घाबरते. नियम असा आहे की ज्याचं पाणी गेलं त्याने स्वतः सभेत उभं राहून पंचाविरुद्ध तक्रार करायची. मग पंचाने काठी खाली ठेवायची, हॅट काढायची आणि इतरांनी न्याय करायचा. यंदा सणाला जमेलसं वाटत नाही म्हणालीस. तरी ये. पपांसाठी ताट मांडू, पाव मी भाजून ठेवते. आणि रविवारी सभेत उठून माझ्याविरुद्ध तक्रार कर. मला सांभाळून घेऊ नकोस, आई आहे म्हणू नकोस. आई सगळ्यांनाच असते.

तुझीच,
आई