कमल (नाव बदललेले)

मंगळ., ४ फेब्रुवारी
परिषद शनिवारी. ‘सामाजिक चळवळी आणि निषेध’. माझ्या पेपरला बारा मिनिटं, गाइड मॅडम म्हणतात दहाच धर. सगळा पेपर उभा आहे आमच्या आत्यावर. सिन्नरकडच्या तिच्या गावात बायकांनी कालव्याच्या पाण्यासाठी रस्ता अडवला, त्यात ही सगळ्यात पुढे. बिचारीने अडीच तास मुलाखत दिली, मध्ये तीनदा चहा. केस अजून कोर्टात आहे म्हणून नाव बदललंय, मॅडम याबाबतीत फार कडक. पेपरात ती ‘कमल’. सुचलं ते टाकलं.

गुरु., ६
आत्याचा फोन. परिषदेला येणार म्हणते. ‘‘माझ्यावर लिवलंय आन मीच नाय यायचं?’’ नको म्हणायची माझी काय टाप! आनंदच झाला खरं तर.

शुक्र., ७
दुपारच्या एसटीने आली. पिशवीभर मेथी, माझ्या एकटीसाठी! पाणी प्यायच्या आधीच, ‘‘वाच.’’

वाचलं. ‘आंदोलनस्थळी मेथी निवडणे ही घरगुती श्रमाच्या सार्वजनिक मांडणीची कृती होती’ इथे हसून हसून आडवी झाली.

‘‘अगं बये, दुसऱ्या दिवशी बाजार होता. जुड्या कोण बांधणार? रस्त्यावर बसून हात रिकामे ठेवायचे का मंग?’’

चार महिने झटून लिहिलेलं वाक्य. खोडलं.

मग पुढच्या पानावर कमल आली आणि हसणं थांबलं.
‘‘ही कमल कोण?’’
‘‘तूच. नाव बदललंय.’’
‘‘आख्ख्या जगात तुला कमलच घावली?’’

अरे देवा. कमल तिची चुलत जाऊ! पोलिसांची गाडी दिसल्यावर ‘गॅसवर कुकर हाय’ म्हणून रस्त्यावरून उठून गेलेली. मुलाखतीत आत्याने दोनदा सांगितलं होतं. माझ्या डोक्यात नाव तेवढं राहिलं, कुकर नाही. गाढव मी.

केसचं समजावलं. नाव छापलं तर तुलाच त्रास. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, ‘‘तारखेला कोर्टात पुकारा होतो, तिथं मी सगुणा. आन तू चांगलं लिवलं, तिथं कमल.’’

नंतर मेथीची भाजी तिनेच टाकली, मला वाढलीसुद्धा. रागावली असती तर बरं झालं असतं.

शनि., ८
गंगापूर रोडचं सभागृह. खरं नाव घालू का, मॅडमना परत विचारलं. ‘‘वकिलांना विचारल्याशिवाय नाव नाही म्हणजे नाही.’’ त्यांचंही बरोबरच.

आत्या तिसऱ्या रांगेत, ठेवणीतलं हिरवं लुगडं. नोंदणीच्या टेबलावर सगळ्यांना बिल्ला देतात, तसा तिलाही दिला. गळ्यात ठळक अक्षरांत ‘सगुणा’. ते समोर दिसत असताना कमल तोंडातून निघेना. सगळा पेपर ‘त्या’, ‘त्या बाई’ करत उरकला. नऊच मिनिटं झाली.

छापील प्रतींत मात्र कमल होतीच. प्रश्नोत्तरांत एक प्राध्यापक उठले, ‘‘कमलताईंना नेतृत्वाची जाणीव नेमकी कधी झाली?’’

मी तोंड उघडायच्या आत तिसऱ्या रांगेतून, ‘‘कमलला? कधीच नाय!’’

सभागृहात हशा. का हसतोय हे हसणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नाही. आत्याने तोंडाला पदर लावलेला, खांदे मात्र हलत होते. इतकी लाडकी वाटली मला!

एसटीत बसवून दिलं. बिल्ला गळ्यातच. काढ म्हटलं तर म्हणे, ‘‘राहू दे, गावात उतरायचंय ना.’’

सोम., १०
पेपर पुस्तकात घेताहेत. अंतिम प्रत शुक्रवारी पाचपर्यंत. आत्याच्या वकिलांना फोन केला. म्हणाले, नाव छापलं तर कबुलीसारखं वापरू शकतात, निकाल लागेपर्यंत थांबा. निकाल कधी? ते नुसतेच हसले.

गुरु., १३
आत्याला जसंच्या तसं सांगितलं. फोनमध्ये मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज.

‘‘केसला मी नाय भ्यायची. पण तुझी कालिजातली नोकरी कच्ची हाय. तुला भ्या वाटत आसंल तर नको लिवू पोरी. कमल तेवढी काढ.’’

माझी काळजी! तिने, माझी!

कमल काढली, अकरा ठिकाणी. तिथे अजून काहीच लिहिलेलं नाही. उद्या पाचला पाठवायचंय.