कागदावरची विहीर

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मीच तुमच्यापेक्षा मोठी आहे. तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की अजून पदर सावरते.

त्या दुष्काळी सालात मी भीतीनं अर्धी झाले होते. दातांच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा जमली नाही, तर लग्न ठरलेलंच. "दुष्काळात चार माणसांत उरकतंय, जेवणावळीला कुणी नावं ठेवत न्हाय," असं वडील आईला म्हणताना मी ऐकलं होतं. तालुक्याच्या वाशीतले शहाणे सांगत, दातांना कशाला लागतंय फिजिक्स, तिथं शाब्दिक उदाहरणं येतच नाहीत. शेवटी तुम्हाला विचारलं. दूध सोसायटीच्या ज्या ओट्यावर तुम्ही मला फिजिक्स शिकवायचात, तिथंच रिकामा कॅन पालथा घालून बसला होता. "ठाऊक न्हाय," म्हणालात. "तसला पेपर मी कधी बघितलाच न्हाय. म्हणून समदी गणितं करायची." सरांनाच ठाऊक नाही म्हटल्यावर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

मोटार विहिरीतलं पाणी वर चढवते, तिची शक्ती काढा, असं उदाहरण तुम्ही घालता. मी अडून बसते. "सर, विहिरीत पाणी किती हाय ते दिलंच न्हाय. आमची मोटार घटकाभरात हवा ओढाया लागती." तुम्ही आधी हसता, मग चिडता. "अगं, कागदावरच्या विहिरीला पाणी असतंच. तिथं तरी असू दे की!"

परीक्षेत पहिलंच उदाहरण तसलं आलं. विहीर काठोकाठ भरलेली धरली आणि सोडवत गेले.

परतताना एसटीतून उतरले, तर स्टँडवर तुम्ही उभे. "आली का तसली गणितं?"

"आली."

तुम्ही तिथल्याच बाकड्यावर टेकलात. "तुझ्या वडलांना मी छातीठोक सांगितलं होतं, येत न्हाईत म्हणून. तसली आली तर तू अडणार, असं ते धरून बसले होते; मी सांगितल्याबिगर त्यांनी तुला धाडलंच नसतं. अन्न गोड लागंना झालतं बघ, पोरी." तुम्हीही भीत होता हे कळलं, तेव्हा मला धीर येण्याऐवजी रडूच आलं.

प्रवेश मिळाला, पुढं दवाखानाही झाला. हे पत्र टाकायचं कुठं, ते कपाटातच राहील. एवढंच सांगते. खुर्चीतलं माणूस घाबरून माझं मनगट धरतं, "दुखंल का हो, बाई?" मी छातीठोक सांगते, "न्हाय दुखणार."

मला ते ठाऊक नसतं, सर.