सरकारनं यांले विश्वासू ठरवलं

नागपूर,
सोमवार, दुपार

ती. सिंधूताईस,

धाकट्या प्रमोदिनीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल असं धरून चालते. भाऊजींचा खोकला अजून असेल तर त्याले साधा समजू नको. एकतीस वर्षं मी धंतोलीत डॉक्टरांच्या काउंटरवर नंबर लावत बसली, 'साधा खोकला आहे' म्हणणारेच पुढं भरती झाले. आम्ही मेलबर्नहून परत येऊन तीन आठवडे झाले. आमची मेघा आणि तिची नवी पोरगी सुखरूप आहेत, ते तुले फोनवर कळलंच. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नाही. (फोन ऐकून राहिला असतो. मेघाशी मी एकदाच थर्मासबद्दल बोलली, तर दुसऱ्या दिवसापासून फोनवर थर्मासच थर्मास. म्हणून हे कागदावर.)

मूळ गोष्ट श्रावणातली आहे. आमचे हे एक दिवस अचानक मुंबईले निघाले. काहून, तर म्हणे यांच्या ऑफिसातल्या जुन्या दोस्ताच्या, मनोहररावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, सोबतीले कोणी नाही. मी डबा बांधून दिला, पण मनात आलं की सारा विदर्भ डोळे दाखवायले धंतोलीत येऊन राहिला आणि हे मनोहरराव मुंबईले कसे चालले. आठ दिवसांनी मनोहरराव लकडगंजात भेटले. रस्त्याच्या पलीकडून मले ओळखून हाक मारली, म्हणजे डोळे ठणठणीत. मी डोळा कसा आहे विचारलं, तर म्हणे कोणता. घरी येऊन मी काही बोलली नाही. काउंटरवर मी एक शिकली होती, खोटं बोलणाऱ्याले लगेच पकडायचं नाही, अजून बोलू द्यायचं. पण हे अजून बोललेच नाहीत. फोन मात्र उपडा ठेवू लागले. धुवायच्या सदऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी सापडली, त्यावर यांच्या अक्षरात 'ठसे, ११ वाजता' एवढंच. ताई, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या माणसाचे बोटांचे ठसे कोण आणि कशापायी घेते, हे तू सांग. मी दोन महिने नीट झोपली नाही.

तेवढ्यात मेघाचे दिवस भरत आले आणि आम्ही निघालो. मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट तपासायच्या हॉलमध्ये पोचलो, तर समोर ही रांग. वळणं घेत घेत मारुतीच्या शेपटासारखी. मी रांगेत लागली. हे मात्र घसा साफ करून म्हणाले, "तू इथंच लाग. माझं तिकडून आहे."

तिकडून म्हणजे काय, हे विचारेपर्यंत हे एका काचेच्या फाटकाशी पोचले होते. पासपोर्ट टेकवला, फाटक उघडलं. आत जाऊन कॅमेऱ्याकडे पाहिलं, बोट ठेवलं, दुसरं फाटक उघडलं आणि नवरा गायब. अर्धं मिनिट लागलं नसेल.

माझ्या मागं नागपूरचीच, जरीपटक्याची एक मुलगी उभी होती. तिनं समजावलं, "काकू, ते विश्वासू प्रवाशांसाठी आहे. आधी अर्ज करा लागते, ठसे द्या लागते. सरकार चौकशी करते, मग रांग नाही."

"चौकशी कायची करते वं?"

"तुमचा रेकॉर्ड पाहते."

आता यांचा रेकॉर्ड माझ्यापाशी आहे, मले तर कोणी विचारायले आलं नाही. कोथिंबीर आणायले पाठवलं तर मेथी घेऊन येणारा आणि 'तू मेथीच म्हटलं होतं' असं शपथेवर सांगणारा माणूस सरकारनं कोणत्या कागदावर विश्वासू ठरवला? आणि दुसरं असं, ताई, 'माझं दोनच मिनिटांचं काम आहे' म्हणत पुढं घुसणाऱ्या आमदाराच्या साळ्यालेही मी कधी रांग मोडू दिली नाही. माझ्याच घरातला माणूस असा निघाला.

पाऊण तासानं माझा नंबर आला. अधिकारी बाई चांगल्या होत्या. एकट्याच चालल्या का, असं विचारलं. मी म्हटलं, नवरा आहे, पण तो तिकडून सटकला. मग राहवलं नाही, म्हणून विचारलं, "तुम्ही ज्याले विश्वासू ठरवता, त्याच्या बायकोले विचारता का?"

त्या शिक्का मारता मारता म्हणाल्या, "तशी सोय नाही, मॅडम."

बाहेर आली तर हे कुठंच नाहीत. चहाच्या दुकानापाशी नाहीत, अत्तराच्या दुकानांत नाहीत. फोन लागेना. तशीच आमच्या गेटवर गेली, तर तिथं लोक विमानात चढून राहिले होते, आणि यांचं नाव पुकारून राहिले होते. गोपाळराव हे नाव परक्या ठिकाणी भिंतीतून ऐकू आलं. तोपर्यंतचा सगळा संशय पातळ झाला, आणि शुगरचा माणूस कुठं पडला तर नसेल, एवढंच राहिलं. गेटवरची पोरगी म्हणाली, तुम्ही बसून घ्या मॅडम, दहा मिनिटांत दार बंद होईल. एक घडी वाटलं, बसावं. मेघा तिकडं एकटी, बाळंतपण तोंडावर. पण पाय उलटेच वळले.

मी आली ती सगळी वाट परत गेली. हे कुठं होते सांगू? त्या काचेच्या फाटकाच्या अगदी समोर, खुर्चीवर, मांडीवर पिशवी धरून, फाटकाकडे एकटक पाहत. बाजूले दोन चहा, दोन्ही गार. मी भलत्याच दारानं बाहेर पडली होती, आणि फोन यांनी मघाच्या तपासणीत बंद केला तो केलाच होता.

"तुमचं नाव पुकारून राहिले. बसले काहून इथं?"

"तू यायची होती ना," म्हणाले.

एका भल्या माणसानं बॅटरीच्या गाडीतून गेटवर सोडलं. विमानात सगळ्यात शेवटी आम्हीच चढलो. सारं विमान आमच्याकडे पाहत होतं, आणि त्यात ती जरीपटक्याची मुलगीही होती.

विमान वर गेल्यावर यांनी सगळं कबूल केलं. मले उभं राहवत नाही म्हणून यांनी दोघांचेही अर्ज भरले होते. यांचा मंजूर झाला, ठसे द्यायले म्हणून ती मुंबईची खेप. माझा परत आला, कारण पासपोर्टवर माझी जन्मतारीख सतरा ऑगस्ट, आणि यांनी भरली चौदा. सांगायची लाज वाटली, म्हणून मनोहररावांचे डोळे मधात आणले. ताई, लग्न झाल्यापासून हे दर ऑगस्टात चौदा तारखेले संत्रा बर्फी घेऊन येतात. मी समजत होती, यांले तीन दिवस धीर निघत नाही. मनातल्या मनात किती सुख मानलं मी त्याचं. आणि यांले तारीखच माहीत नव्हती.

मेलबर्नमध्ये बाळ होतं म्हणून बोलणं भाग पडलं. नागपूरले आल्यापासून माझ्याकडून बंद आहे.

भाऊजींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
प्रमोदिनी

ता. क. हे म्हणतात, चौदा तारीख यांच्या मनाची नाही. लग्नाच्या वेळी आपल्या आईनंच यांले सांगितलं होतं की पोरगी झेंड्याच्या आदल्या दिवशी झाली, आणि शाळेत नाव घालताना मास्तरांनी सतरा लिहिली. आई आता नाही, हे यांले चांगलं माहीत आहे, म्हणूनच मले संशय. तू तेव्हा नऊ वर्षांची होती, घरातच होती. खरं काय ते लिही, त्यापायीच हे पत्र.

आणखी एक. सतरा असेल तर पोस्टकार्डावर मोठ्या अक्षरात लिही. टपाल हेच घेतात. चौदा असेल तर पाकिटात घाल आणि माझ्या नावानं पाठव.

शेवटचं. तुझ्या उन्मेषनं परवा माझा अर्ज नव्यानं भरून दिला (त्याले शपथ घातली आहे, त्याच्यावर रागावू नको) आणि आज सकाळी मंजुरी आली. सतरा तारखेच्या भरवशावर सरकारनं मलेही विश्वासू ठरवलं आहे. तेव्हा उत्तर देताना जरा विचार करून दे.