रिकाम्या जागेवरचा माणूस

ट्युल्सा,
१६ एप्रिल १९७४

प्रिय वर्नाताई,

सप्रेम नमस्कार. मी आणि नेडीन, आम्ही दोघं नवराबायको इकडे मजेत आहोत. लाइल भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? तुमच्याकडे अजून बर्फ आहे असं ऐकलं. इथे माणसं बाह्या दुमडून हिंडतायत आणि आमच्या शेजारीणबाईंनी टोमॅटोची रोपं लावूनही टाकली.

बातमी अशी की यंदाही मला बेसबॉलच्या संघात ठेवून घेतलं. मॅनेजर नवा आहे, कोवाल्के नावाचा. पोट पुढे, तोंडात कायम तंबाखू. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "टिबेट्स, तुझी जागा कुठली रे?"

मी म्हटलं, "ज्याचं पोट बिघडलं असेल त्याची."

तो हसला नाही. पिंक टाकून म्हणाला, "मग उद्या तिसऱ्या बेसवर उभा राहा. तिथल्याचं पोट ठीक आहे, डोकं बिघडलंय."

म्हणजे यंदाही तेच. सोमवारी तिसरा बेस, बुधवारी दुसरा, शनिवारी दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप दुखावला की त्याच्या जागी. प्रत्येक जागेच्या वेगळ्या ग्लव्हजनी गाडीची डिकी भरलेली बघून नेडीन म्हणते, तू खेळाडू आहेस की फिरता विक्रेता? वरच्या लीगमध्ये मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा कुणाचं तरी हाड मोडलं म्हणून. हाड जुळलं की मी परत. पण ताई, खरं सांगतो, मला कधी वाईट वाटलं नाही. ठरलेल्या जागेवरचा माणूस एकाच बाजूने खेळ पाहतो. मी सगळीकडून पाहिला.

इथली नवी पोरं विचारतात, इतक्या जागा शिकलात कशा? मी सांगतो, मला बहिणीने शिकवलं. धान्याच्या कोठारामागच्या खडीवर तू चेंडू मारायचीस आणि ओरडायचीस, "आता तू दुसरा! आता तिसरा! अरे, गाईसारखा बघत काय उभा राहिलास?" त्या खडीवर चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसायचा. त्यानंतर कुठल्याच मैदानाची मला भीती वाटली नाही. पोरांना हे पटत नाही. बहीण म्हणजे केक करणारी, असं त्यांना वाटतं. तुझा केक त्यांनी खाल्लेला नाही, म्हणून.

परवा माझ्याकडून एक साधा चेंडू सुटला. ऊन डोळ्यांवर आलं होतं. नेडीन म्हणते त्या दिवशी ढग होते. असतील.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
ऑरिन

ट्युल्सा,
९ जुलै १९७४

प्रिय वर्नाताई,

तुझं पत्र आणि चेरीच्या मुरंब्याच्या बरण्या पोचल्या. एक फुटली, पण नेडीनने काचा वेचून वरचा मुरंबा वाचवता येतो का ते पाहिलं. मी नको म्हटलं म्हणून टाकला.

नेडीनने तुला फोन केला होता हे मला काल कळलं. ती म्हणते, "मी फक्त खुशाली विचारली." पाऊण तास खुशाली चालते का? तिने काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण त्यातलं निम्मं तरी घाबरून सांगितलेलं असणार. गालावर चेंडू लागला हे खरं. सूज उतरली आहे. आता मला पहिल्या बेसवर उभं करतात. तिथे धावपळ कमी, म्हणून वयस्कर माणसांना तिथे पाठवतात. मी मजेत आहे.

इथवर लिहून मी बाहेर जाऊन आलो. पायरीवर बसून कलिंगड खाल्लं. नेडीनने विचारलं, "लिहिलंस तिला?" मी म्हटलं, लिहितोय. ती म्हणाली, "मुरंब्याबद्दल लिहिलं असशील."

तर ऐक. माझा डावा डोळा जातोय. अंधार नाही, काचेवर वाफ धरावी तसं दिसतं, आणि डावीकडून येणारा चेंडू एकदम अंगावर आल्यावर कळतो. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. हे बरं होणारं नाही म्हणाले, आणखी किती बिघडेल ते सांगता येत नाही. उजवा उत्तम आहे. गाडी चालवता येते, वाचता येतं, तुला पत्र लिहिता येतं. फक्त खेळता येत नाही, आणि मला तर तेवढंच येतं.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आमचा दुसरा बेस सांभाळणारा रूबेन, पोर्तो रिकोचा पोरगा, जीभ नुसती कात्रीसारखी चालते, त्याने ओळखलं. एक दिवस सरावानंतर बुटांच्या नाड्या सोडत हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला डावीकडचा चेंडू दिसत नाही ना?"

मी म्हटलं, "तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. मी ओरडत जाईन. तसाही मी गप्प कुठे असतो? कुणाला कळणार नाही."

आणि तो खरंच ओरडायला लागला. "डावीकडे, काका! खाली! आला आला!" प्रेक्षकांना वाटायचं, काय उत्साही पोरगा आहे. त्याच्या आवाजावर मी जूनचा बराचसा महिना खेळलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोवाल्के एकदा म्हणाला, "म्हाताऱ्या, तू सुधारतोयस."

मग परवा तिसऱ्या बेसवरचा पोरगा आजारी पडला आणि मला पुन्हा तिथे जावं लागलं. चेंडू पकडला, वळलो आणि दुसऱ्या बेसकडे फेकला. रूबेन धावत येत होता, त्याचं तोंड पळणाऱ्या खेळाडूकडे. मला तो जिथे दिसला तिथे तो नव्हताच. चेंडू त्याच्या कानाला चाटून गेला. टोपी उडाली आणि तो खाली पडला. तो उठून हसला, टोपी झटकली आणि म्हणाला, "काका, केस कापायचे तर सांगायचं ना, मी खुर्चीत बसलो असतो."

सगळे हसले. मी हसू शकलो नाही. त्या पोराची आई दर रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्ती लावते, हे त्यानेच मला सांगितलंय.

उद्या सकाळी कोवाल्केला भेटून सगळं सांगणार आहे. आज तुला सांगितलं, म्हणजे त्याला सांगणं सोपं जाईल. काळजी करू नकोस, असं लिहिणार होतो. तू करणारच, तेव्हा थोडी कर.

तुझा,
ऑरिन

ट्युल्सा,
२ सप्टेंबर १९७४

प्रिय वर्नाताई,

तू पाठवलेलं पत्र इतकं छोटं होतं, की मी पाकिटात आणखी काही आहे का ते दोनदा पाहिलं. "घरी ये. खोली झाडून ठेवली आहे." बस. माझी बहीण आहेस खरी.

पण मी घरी येत नाही, निदान इतक्यात नाही. रागावू नकोस, पुढचं वाच.

कोवाल्केने माझं सगळं ऐकून घेतलं. पिंक टाकली. मग म्हणाला, "हे सांगायला स्वतः चालत आलेला तू पहिलाच. बाकीच्यांना मला ओढून बाहेर काढावं लागलं." त्या दिवसापासून मी बाकावर. दुसऱ्या दिवशी रूबेन शेजारी येऊन बसला आणि खेळ सुरू होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याच्या आयुष्यातला हा विक्रमच असेल.

गेल्या आठवड्यात मालकांच्या कचेरीतून बॅस्कम साहेब आले. मॉन्टानात कोल्टर फॉल्स म्हणून छोटं गाव आहे, तिथे त्यांचा सगळ्यांत खालचा संघ खेळतो. नुकतीच शाळा संपवलेली पोरं, जून ते ऑगस्ट एवढाच हंगाम. पुढच्या वर्षी त्यांना मॅनेजर हवाय. म्हणाले, "ज्याला सगळ्या जागा माहीत आहेत असा माणूस हवा." मी म्हटलं, येतो, पण माझी एक अट आहे. बेसवर खेळणाऱ्या पोरांना शिकवायला माणूस मी निवडणार.

"निवड की. कोण आहे?"

"वर्ना ग्रोट. शॉर्टस्टॉप. बायकांच्या लीगमध्ये चार हंगाम खेळलेली."

तुझ्या गोष्टी मी बाकावर सगळ्यांना सांगतो, त्या साहेबांच्याही कानावर गेल्या होत्या. "तुझी बहीण? ती तर शाळेत स्वयंपाक करते ना?"

"करते. मी तिच्या हाताखालून गेलोय, स्वयंपाकाच्याही आणि चेंडूच्याही."

"अरे, पण पोरं काय म्हणतील?"

"पहिल्या दिवशी हसतील. दुसऱ्या दिवशी तळहात सुजलेले असतील, हसायला वेळ मिळणार नाही."

कोवाल्के कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "बॅस्कम, या माणसाला एकदा तरी त्याच्या मनासारखं मिळू दे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जागा भरत आलाय." साहेबांनी दोन दिवस मागून घेतले. काल होकार आला. एका हंगामापुरता, पुढचं पुढे बघू म्हणाले.

आता जे आपण दोघं कधी बोललो नाही ते लिहितो. आई गेली तेव्हा तू तेवीस वर्षांची होतीस आणि तुझ्या संघाची सगळ्यांत चांगली खेळाडू होतीस. त्यांनी तुला दोनदा परत बोलावलं. मला आठवतं, तू फोनवर "नाही, इथे धाकटा आहे" म्हणालीस, फोन ठेवलास आणि मला विचारलंस, "बटाटे सोललेस का?" तुझ्या तोंडून त्याबद्दल कधी चकार शब्द निघाला नाही. मीही विचारलं नाही, कारण काय विचारायचं ते मला कळत नव्हतं. पण दर वर्षी एप्रिलमध्ये मैदानावर पाऊल टाकताना मला वाटायचं, हे गवत तुझ्या वाटणीचं आहे.

मी उपकार फेडायला बोलावत नाहीये. मला गरज आहे, म्हणून बोलावतोय. डावीकडचं मला दिसणार नाही आणि अशी पोरं हाताखाली असताना कुणाला तरी दिसायला हवं. उन्हाळ्यात शाळेचं स्वयंपाकघर बंद असतं, हे मी आधीच पाहून ठेवलंय. भाऊजींनाही घेऊन ये. तिथे नदी आहे, मासे आहेत, गुडघा दुखला तर खुर्ची टाकून गळ टाकता येतो. नेडीनने भाड्याचं घरही पाहायला घेतलंय, दोन खोल्यांचं नको म्हणते, मोठं हवं.

तू म्हणशील, माझं वय झालं. तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूला भाऊजींच्या अक्षरात एक ओळ होती, तू बहुधा पाहिली नसशील. लिहिलंय, "ही रोज संध्याकाळी कोठाराच्या भिंतीवर चेंडू मारते. भिंतीला पोचे आलेत."

तेव्हा कारणं शोधू नकोस. हो की नाही तेवढं सांग. नाही म्हणालीस तर मी विचारणार नाही का म्हणून. पण हो म्हण.

तुझा धाकटा भाऊ, आणि तू आलीस तर मॉन्टानात फक्त नावापुरता तुझा साहेब,
ऑरिन